सोवळे, लाज आणि ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे हसवणारे पुस्तक आहे, असा त्याचा लौकिक आहे. आणि तो खोटा नाही. परंतु लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा आणि ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ साली. ज्या सोवळ्याने त्यांचे बालपण काचले, त्याकडे हसून पाहता येण्यासाठी मध्ये केवढा काळ जावा लागला, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हा ग्रंथ मी प्रथम वाचला तो हैदराबादेत, आजीच्या घरी. मुलूख सुटला की माणसे आचार अधिकच घट्ट धरून बसतात. आमच्या घरी तसेच होते. वळणीवरचे सोवळे काठीने काढले जाई. एकदा, ‘बाहेरची’ असताना, पाण्याच्या हंड्याला माझा हात लागला. कोणी रागावले नाही, मारले नाही. आजीने हंडा मुकाट्याने मोरीत ओतला, घासला आणि पुन्हा भरला. त्या वाहून गेलेल्या पाण्याकडे पाहताना मला जे वाटले, त्याला त्या वेळी नाव नव्हते. आज माझ्या घरात सोवळे नाही, देवघरापुढे कोणी कोणाला अडवीत नाही. तरीही पाण्याला हात घालताना तो क्षणभर थबकतो.

विटाळ आणि लाज यांतील भेद येथेच आहे. विटाळ बाहेरून येतो, असे शास्त्र सांगते, आणि म्हणून स्नानाने तो जातोही. परंतु ज्या मुलीला वर्षानुवर्षे दूर बसविले जाते, ती ‘मला विटाळ झाला’ असे म्हणत राहत नाही; ‘मीच विटाळ आहे’ असे ती मनाशी ठरवून टाकते. या समजुतीला कोणतेही पाणी पुरत नाही.

लक्ष्मीबाईंनी या रोगाचे मूळ अचूक दाखविले आहे. त्यांच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या कोटीतले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही, आणि या धुण्यापायी सारे घर, विशेषतः आई, रात्रंदिवस राबत राहायची. परंतु ही हकीकत सांगण्यापूर्वी लेखिका आपल्याला १८५७ च्या धामधुमीत फाशी गेलेल्या आपल्या आजोबांची कथा सांगते. सोवळ्याचे वेड वडिलांना लागले ते त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. फाशीची दहशत धुऊन काढता येत नाही. म्हणून माणूस धान्य धुतो. ज्याला घर धर्म समजत होते, ते भय होते, हे कळताच वडिलांविषयीचा राग ओसरतो आणि हसू शक्य होते. हे हसू क्षमेच्या जवळचे आहे. मात्र आईच्या हालांवर त्याने पांघरूण घातलेले नाही.

दुसरी गोष्ट सुटकेच्या क्रमाची. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी आरंभी त्यांनी आपले अन्नपाणी वेगळेच ठेवले. त्यांचा स्पर्शास्पर्शविचार सुटला तो स्वतःच्या विचाराने. १९०० सालचा बाप्तिस्मा त्यामागून आला. नव्या धर्माने त्यांना शुद्ध करून घेतले, असा अर्थ लावणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. एका शुद्धीच्या जागी दुसरी शुद्धी बसविली, तर लाज केवळ बिऱ्हाड बदलते.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाई दुसऱ्याच्या स्पर्शाला भिणाऱ्या घरातून बाहेर पडल्या. ज्यांचा स्पर्शच विटाळ ठरविला गेला, त्यांच्या लाजेवर हे हसू उतारा ठरेल काय? महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले, तेव्हा ते तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. माझ्या आजीने एक हंडा ओतला होता. तेथे एक अख्खे तळे धुवायला निघाले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या संदर्भात शेजारी ठेवून वाचावे. त्या पुस्तकातही विनोद आहे, पण त्याच्या मुळाशी संताप आहे. आणि लाज उतरते ती एकटीची नव्हे, आंबेडकरांच्या हाकेने उठलेल्या साऱ्या वस्तीची. तरीही या बाईंनी आपले लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. चळवळीने सामाजिक लाज उतरली, तरी घरातले भय उरलेच होते.

म्हणून या दोन ग्रंथांपैकी एकाला औषध आणि दुसऱ्याला आरोपपत्र म्हणणे योग्य होणार नाही. जिच्या हातून पाणी बाटले असे घराने ठरविले, तिला ‘स्मृतिचित्रे’ सांगते की हंडा ओतणारी आजी दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. ‘जिणं आमुचं’ तिला विचारते की त्याच घरात आणखी कोणाकोणाला दारातूनच पाणी वरून ओतले जात होते. पहिल्या उत्तराने माझे मन हलके झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि त्याची लाज मात्र मला बाळगलीच पाहिजे.