कथासार आणि संविधानक

धार-देवासकडील नवा कादंबरीकार पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे कथासार धाडतो, तेव्हा ते बहुधा प्रसंगांची नुसती यादी असते. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या केंब्रिज-व्याख्यानांत कथा आणि संविधानक यांतील भेद कार्यकारणभावावर उभा केला. त्यांच्याच ‘अ पॅसेज टु इंडिया’चे (१९२४) सार ‘अझीझवर आरोप आला व तो सुटला’ एवढेच सांगितल्यास कादंबरी हरवते. राज्यकर्ते आणि जित यांच्या नात्यामुळे अझीझ-फील्डिंग मैत्री अखेर अशक्य ठरते, हे सांगितले तरच ती उरते. सार लिहिताना ज्याला ‘म्हणून’ हा शब्द सापडत नाही, त्याने प्रकाशकास दोष देण्यापूर्वी आपले हस्तलिखितच पुन्हा वाचावे.