द्रावणातील स्वयंसंघटित नॅनोरचनांच्या प्रतिमा : पुरावा आणि मर्यादा

बाह्य साच्याशिवाय, परस्परांतील क्षीण आकर्षणांच्या आधारे रेणूंनी सुव्यवस्थित रचना घडविणे म्हणजे स्वयंसंघटन होय. साबणाच्या द्रावणातील मिसेल हे त्याचे परिचित उदाहरण. अशा रचना द्रावणाबाहेर तशाच टिकतील असे नाही. शोधनिबंधांतील प्रतिमांचा अर्थ लावताना नेमके याच बाबीकडे दुर्लक्ष होते.

पारंपरिक पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात आवश्यक असल्याने नमुना वाळवावा लागतो. द्रावक उडून जाताना संहती वाढते व केशाकर्षणाने कण एकत्र ओढले जातात. परिणामी, दिसणारा तंतू मूळचा द्रावणातील की वाळण्यातून निपजलेला, हे केवळ त्या प्रतिमेवरून ठरविता येत नाही.

ही अडचण झाक द्युबोशे यांच्या गटाने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीने बरीच दूर केली. द्रावणाचा पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये बुडविला असता पाण्याचे स्फटिक न होता काचरूप बर्फ बनते आणि रचना आहे त्या स्थितीत गोठते. या कार्याबद्दल द्युबोशे २०१७ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तथापि, गोठविण्यापूर्वी जादा द्रव टिपून घेताना निर्माण होणारा ताण लांबट मिसेलची दिशा बदलू शकतो. शिवाय हे स्थिरचित्र आहे, घडण्याची प्रक्रिया नव्हे.

प्रक्रिया पाहण्यासाठी सिलिकॉन नायट्राइडच्या अतिपातळ पटलांमध्ये द्रव बंदिस्त करून निरीक्षण केले जाते. येथे मात्र इलेक्ट्रॉन शलाकेमुळे पाण्याचे विघटन होऊन क्रियाशील मूलके निर्माण होतात. म्हणजे पाहण्याची क्रियाच पाहिल्या जाणाऱ्या घटनेत हस्तक्षेप करते. अतिविभेदी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शनात हा दोष नाही. २०१४ मध्ये अतिरेणवीय तंतूंतील रेणूंची अदलाबदल केवळ टोकांशी नव्हे, तर संपूर्ण लांबीभर होते, हे त्याद्वारेच दिसून आले. परंतु त्यासाठी रेणूंना रंजक जोडावा लागतो, आणि तो जुळणीवर परिणाम करू शकतो.

तात्पर्य, कोणतेही एक तंत्र स्वयंपूर्ण नाही. प्रतिमेत मोजके कण दिसतात. क्ष-किरणांचे अल्पकोनी विकीर्णन संपूर्ण द्रावणाची सरासरी देते. दोहोंचा मेळ बसल्यासच निष्कर्षाला बळ येते. प्रत्येक महाविद्यालयात महागडी उपकरणे असणे शक्य नाही. पण नमुना कसा तयार केला, द्रावणाची संहती किती होती आणि इलेक्ट्रॉनांची मात्रा किती दिली, हे नमूद करण्यास खर्च येत नाही. ही माहिती नसलेली प्रतिमा कितीही सुबक असली, तरी तिला पुरावा मानणे योग्य ठरणार नाही.