श्वानांतील लीशमॅनिया रोग, प्रतिकार प्रतिसाद आणि मेंदूदाह : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

परजीवीजन्य रोगांच्या अभ्यासात ‘जेथे रोगजंतू, तेथे विकृती’ हे सूत्र बहुधा गृहीत धरले जाते. लीशमॅनिया इन्फॅन्टम या एकपेशीय परजीवीमुळे श्वानांना होणारा आंतरिक लीशमॅनिया रोग या सूत्राविषयी शंका उत्पन्न करतो. भूमध्य समुद्राचा परिसर आणि ब्राझील येथे हा रोग आढळतो. ब्राझीलमध्ये त्याचा प्रसार मुख्यतः लुट्झोमिया लाँगिपाल्पिस या वाळूमाशीमार्फत होतो. या रोगात श्वानांच्या मेंदूत होणाऱ्या दाहाविषयी साओ पावलो राज्यातील अरासातुबा येथील पशुवैद्यक विद्याशाखेत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. त्या संशोधनाचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिकार प्रतिसादाचे स्वरूप :

हा परजीवी शरीरातील भक्षक पेशींमध्येच राहतो व वाढतो. टी-लसिकापेशींनी या भक्षक पेशींना उत्तेजित केले तर परजीवी आटोक्यात राहतो. आजारी पडणाऱ्या श्वानांत मात्र हा पेशीय प्रतिसाद दुबळा पडतो आणि प्रतिपिंडांची निर्मिती अतोनात वाढते. पेशीत दडलेल्या परजीवीपुढे हे प्रतिपिंड निष्प्रभ ठरतात. उलट, प्रतिजनाशी संयोग होऊन त्यांची संकुले मूत्रपिंड, सांधे व डोळे यांत साचतात. संरक्षणासाठी उभी राहिलेली यंत्रणाच अशा प्रकारे इजेचे कारण बनते.

मेंदूविषयक निष्कर्ष :

मेंदू हा रक्तातील घटकांपासून विशेष अडसरांनी सुरक्षित राखलेला अवयव आहे. मस्तिष्कद्रव निर्माण करणारी कोरॉइड जालिका हा या व्यवस्थेतील एक नाजूक दुवा होय. अरासातुबा येथील संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखवून दिले, की बाधित श्वानांच्या कोरॉइड जालिकेत व मस्तिष्कावरणात दाहक पेशी जमा होतात आणि त्यांत टी-लसिकापेशींचे प्राबल्य असते. २०११ मधील अभ्यासात मेंदूतील आधारपेशींची प्रतिक्रिया तपासण्यात आली. टी-लसिकापेशींचा शिरकाव आणि मस्तिष्कद्रवातील प्रतिपिंडांचे प्रमाण यांच्याशी तिची सांगडही घालण्यात आली. मेंदूत परजीवी सहसा दिसत नसतानाही दाह आढळतो. त्यामुळे दाहाचे मूळ प्रतिकार प्रतिसादातच असावे, असे अनुमान पुढे आले.

चिकित्सा :

हे अनुमान समर्पक असले तरी ते तीन कसोट्यांवर तपासावे लागते.

पहिली कसोटी परजीवीच्या अनुपस्थितीची. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी न दिसणे म्हणजे तो नसणे नव्हे. स्पेनमध्ये २००१ साली नैसर्गिकरीत्या बाधित श्वानांच्या मस्तिष्कावरणात परजीवी आढळल्याची नोंद झाली होती. पुढे २०१४ मध्ये ब्राझीलमधील बाधित श्वानांच्या मेंदूत परजीवीचा डीएनएही आढळला. म्हणून ‘परजीवीविना दाह’ या मांडणीऐवजी ‘परजीवींच्या संख्येच्या मानाने अधिक दाह’ अशी मांडणी अधिक सावध ठरेल.

दुसरी कसोटी अन्य कारणांची. या रोगात मूत्रपिंड निकामी होणे हे मृत्यूचे प्रमुख कारण आहे आणि रक्तात साचणाऱ्या त्याज्य द्रव्यांचा मेंदूवरही परिणाम होतो. बाधित श्वानांना गोचिडांमुळे होणारे अन्य संसर्गही असू शकतात. मस्तिष्कद्रवातील प्रतिपिंड तेथेच निर्माण झाले की सैल पडलेल्या अडसरातून झिरपले, हा भेद केवळ त्यांच्या प्रमाणावरून करता येत नाही.

तिसरी कसोटी कालक्रमाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ब्राझीलच्या रोगनियंत्रण धोरणानुसार रक्तचाचणीत बाधित ठरलेले श्वान मारले जात. तेथील प्राणिजन्य रोग नियंत्रण केंद्रात अशा प्रकारे मारलेल्या श्वानांचे मेंदूच या संशोधनाचा आधार ठरले. मृत मेंदू एका क्षणाचे चित्र दाखवतो. आधी अडसर सैल झाला की आधी पेशी आत शिरल्या, हे तो सांगू शकत नाही. उपचारानंतर दाह ओसरतो काय, हा प्रश्न तर अशा रचनेत उपस्थितच होत नाही. येथे आरोग्यधोरणाने नमुना पुरविला आणि त्याबरोबरच संशोधनाच्या प्रश्नाची सीमाही ठरवून टाकली.

भारतीय संदर्भ :

लीशमन व डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये नोंदविलेला परजीवी भारतातील काळा आजाराचा होता. लीशमॅनिया डोनोव्हानी या जातीमुळे होणारा हा रोग येथे मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरतो. त्याच्या प्रसारात श्वानांना ब्राझीलसारखे स्थान नाही. त्यामुळे उपरोक्त निष्कर्ष भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लागू करणे सयुक्तिक ठरणार नाही.

निष्कर्ष :

मेंदू हा या रोगात अलिप्त अवयव राहत नाही, हे सदर संशोधनाने निर्विवादपणे प्रस्थापित केले. परंतु प्रतिकार प्रतिसाद हेच दाहाचे एकमेव कारण आहे, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये ब्राझीलने श्वानांच्या उपचारासाठी मिल्टेफोसिन या औषधास मान्यता दिली. त्यामुळे एकाच श्वानाचा उपचारापूर्वी व उपचारानंतर अभ्यास करणे शक्य झाले आहे. मस्तिष्कद्रवाची क्रमवार तपासणी व चेतासंस्थेची नियमित चिकित्सा यांतूनच कार्यकारणसंबंध उलगडू शकेल. आजवर मृत श्वानांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांची उत्तरे आता जिवंत श्वानांच्या शुश्रूषेतून शोधावी लागतील.