कादंबरी आणि ओसरीवरचे बोलणे

मराठी नियतकालिकांतून येणारी कादंबऱ्यांची परीक्षणे आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे नेमाने वाचत आलो आहोत. त्यांचा एक साचा आता पाठ झाला आहे. आरंभी लेखकाचा परिचय, मग मलपृष्ठावरील मजकुरास थोडे पाणी घालून सांगितलेले कथानक, त्यानंतर ‘आशय’, ‘अभिव्यक्ती’, ‘जीवनदर्शन’ असे दोन-चार जड शब्द आणि शेवटी मुखपृष्ठ समर्पक असल्याचा निर्वाळा. पुस्तक वाचून परीक्षणकर्त्याची झोप उडाली की त्याला झोप लागली, हे मात्र कळावयास मार्ग नसतो.

तीच कादंबरी नांदेडच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवर, लोह्याहून अहमदपूरकडे निघालेल्या एसटीत किंवा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातील लिंबाखाली निघते तेव्हा बोलणे अगदी वेगळ्या वळणाने जाते. तेथे कोणी कोणाची भीड धरीत नाही. लेखक समोर नसतो, शाल-श्रीफळ नसते आणि प्रत परत करावयाची असल्याने घाईही असते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सेवाकार्याच्या निमित्ताने जी वर्षे गेली त्यांत असे बोलणे आमच्या कानी पुष्कळ पडले. ललित वाङ्मयाचा खरा निवाडा या बोलण्यात होत असतो, असे आमचे मत आहे. मात्र हे बोलणे नेमके कोठे चांगले होते आणि कोठे घसरते, हे पाहिले पाहिजे. ते पाहण्याचे काम परीक्षणकर्त्यांनी टाकून दिलेले दिसते.

एक उदाहरण घेऊ. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी विदर्भातील बुलढाणा भागातली. 2004 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळालेला आणि शेतीत अडकून पडलेला एकनाथ तिचा नायक. मराठवाड्यातील वाचकांनी ती आपलीच म्हणून वाचली, यात नवल नाही. परंतु ऐकलेल्या चर्चांपैकी सर्वांत जोराची चर्चा पीक, पाऊस किंवा कर्ज यांविषयी नव्हती. ती एकनाथच्या बायकोविषयी, अलकाविषयी होती. खेड्यातले जिणे तिला सोसत नाही. एका शिक्षकांचे म्हणणे असे की, ही बाई स्वार्थी आहे. नवऱ्याच्या पडत्या काळात तिने साथ द्यावयास हवी होती. त्यावर एक परिचारिका उसळून म्हणाली, “सर, तिचं काय चुकलं ते तरी सांगा. तिला सांगितलं होतं एक आणि पदरात पडलं दुसरंच.” वाद अर्धा तास चालला. मग तिनेच असे वाक्य टाकले की शिक्षक गप्प झाले : “लेखकानं तिला भांडण दिलंय हो, मन नाही दिलं.”

हे वाक्य आम्ही एखाद्या परीक्षणात वाचले असते तर त्या नियतकालिकाची वर्गणी आनंदाने भरली असती. कादंबरीची दृष्टी प्रामुख्याने एकनाथच्या बाजूने वावरते. त्याची घुसमट आतून दिसते, अलकाची मात्र बाहेरून ऐकू येते. परिचारिकेच्या निवाड्याशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. एका माणसाच्या डोळ्यांनी जग दाखवावयाचे ठरविल्यावर दुसऱ्याचे मन काही अंशी झाकलेले राहणारच, आणि त्या झाकलेपणातच त्या संसाराचे दुःख आहे, असे आम्हांस वाटते. तथापि तिने बोट ठेवले ते नेमक्या जागी. ‘निवेदनाचा दृष्टिकोन’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही. आरंभी दोघेही शेजारच्या घरातील सुनेविषयी बोलावे तसे बोलत होते. कादंबरीतील माणसांविषयी शेजाऱ्यांसारखे बोलणे हा अडाणीपणा आहे, असे विद्यापीठीय मंडळी मानतात. आम्हांस ते मान्य नाही. पात्र शेजारी वाटल्याखेरीज त्याच्यावर अन्याय झाल्याची चीडही येत नाही.

आता घसरण कोठे होते ते पाहू. आमच्या भागात कोणतीही कथा-कादंबरी वाचून झाली की पहिला प्रश्न येतो, “हे खरंच घडलंय का?” भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकातून घरोघर गेली आहे. टोमॅटोचा भाव कोसळतो आणि बाजारातच शेतकरी बाप आपला माल पायांखाली तुडवितो, एवढीच ती. लातूर जिल्ह्यातील एका गावी या कथेवर बोलणे निघाले तेव्हा एका शेतकऱ्याने शंका काढली, “इतका माल कोण तुडवील? जनावरांना तरी घातला असता.” दुसरा म्हातारा म्हणाला, “राग आल्यावर माणूस हिशेब करतो होय?” सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्हांला सांगितले होते की, प्रत्यक्ष घडले काय हे सांगणे इतिहासकाराचे काम, आणि घडू शकेल काय हे सांगणे कवीचे. शक्य असूनही पटत नाही अशा गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट त्याला अधिक मानवते. ओसरीवरचे हे दोघे त्याच प्रश्नाशी झोंबत होते. म्हाताऱ्याचे उत्तर आम्हांस अधिक पटते, कारण त्या पायांना हिशेब उरलेला नाही हेच तर कथा सांगते.

परंतु बोलणे बहुधा येथवर येत नाही. ते तिसऱ्याच वाटेने जाते : हा बाप म्हणजे लेखकाचा बाप काय? हा बाजार कोणत्या गावचा? लेखकाकडे किती एकर जमीन आहे? या सवयीचे एक कारण आम्हांस दिसते ते असे. 1978 साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत दलित व भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी मराठी वाचकाला हलवून सोडले. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील गावे, पोलीस ठाणी, गिरणी येथील लोकांच्या रोजच्या पाहण्यातली. आत्मकथनाला ‘हे खरे का?’ असे विचारणे रास्तच आहे, कारण ती एक साक्ष असते. पण साक्ष ऐकण्याची सवय जडलेला वाचक आता कादंबरीलाही पिंजऱ्यात उभी करू लागला आहे. त्यात नुकसान लेखकाचे आहे. ‘तुम्ही आमचे दुःख मांडले’ एवढे म्हणून त्याची बोळवण होते. पुस्तक चांगले झाले की फसले, हे त्याला कोणीच सांगत नाही. दुष्काळावर लिहिलेले प्रत्येक पुस्तक दुष्काळाच्या पुण्याईवर उत्तीर्ण होते. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेवढे दुःख पाहिलेल्या प्रदेशाला सुमार कादंबरी गोड मानून घ्यावी लागावी, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय नव्हे काय?

नांदेडला हे निराळे सांगावे लागू नये, कारण बोलण्यातून समीक्षा कशी उभी राहते याचा मोठा नमुना याच गावाने दाखविला आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म 15 जुलै 1932 चा, गाव कुरुंदा; ते आज हिंगोली जिल्ह्यात येते. हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. इंटरच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा अडले. पुढे नांदेडला आधी शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तेथेच प्राचार्य झाले. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या भोवती बसणाऱ्यांत विद्यार्थी, वकील, कार्यकर्ते, शास्त्री असे सर्व असत, आणि बोलणे भरतमुनीपासून कालच्या कादंबरीपर्यंत कोठेही फिरत असे. मराठी कादंबरीवरील त्यांचे ‘धार आणि काठ’ वाचताना त्या बैठकीचा सूर आजही ऐकू येतो. विधान ठाम, समोरच्याची शंका आधीच हेरलेली आणि भाषा समजेल अशी.

पण आमच्या मुद्द्यासाठी त्यांचे दुसरे एक लेखन अधिक मोलाचे आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’च्या (1968) आरंभी प्रस्तावनेच्या जागी कुरुंदकरांचे एक प्रदीर्घ पत्र छापलेले आहे. म्हणजे एका वाचकाने लेखकाशी केलेले हे बोलणेच. ऐतिहासिक कादंबरीविषयी आमच्याकडे जे बोलले जाते ते सामान्यतः पुस्तकाविषयी नसतेच. ‘श्रीमान योगी’ वाचणारा शिवाजी महाराजांविषयी बोलतो, ‘मृत्युंजय’ वाचणारा कर्णाविषयी आणि ‘पानिपत’ वाचणारा आपण तेथे असतो तर काय केले असते याविषयी. कुरुंदकरही महाराजांविषयीच बोलतात, आणि पुष्कळ बोलतात. कोणत्या साधनावर किती विसंबावे, विजयांच्या यादीपलीकडे या पुरुषाचे मोठेपण कशात शोधावे, त्याच्या मृत्यूनंतरही सामान्य माणसे का लढत राहिली, अशा प्रश्नांचा ते पिच्छा पुरवितात. फरक आहे तो येथे : हे सारे ज्ञान ते कादंबरीकाराच्या अडचणीजवळ आणून ठेवतात. असा माणूस कादंबरीत जिवंत कसा करावा, ही ती अडचण. इतिहास खरा की खोटा एवढ्यावर ते थांबत नाहीत, आणि ‘वा, काय लिहिलेत!’ म्हणून लेखकाची पाठही थोपटीत नाहीत. उलट आमच्या एका वाचनालयात या पुस्तकाची जी प्रत आहे तिची पत्राची पाने कोरी करकरीत आणि पुढची पाने हाताळून मऊ झालेली आहेत. पत्र ओलांडून थेट कथेत शिरणारे वाचक आम्ही समजू शकतो. कथा संपल्यावर तरी त्यांनी मागे यावयास हवे होते.

येथे थोडे आडवळण घेतो. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. पदमनजी प्रॉटेस्टंट होते, पण ख्रिस्ती मराठी साहित्याचे म्हणून त्यांच्यावर आपलाही हक्क आहे. त्या कादंबरीत यमुना आणि विनायक प्रवास करतात, विधवांच्या कहाण्या ऐकतात आणि त्यांवर नवरा-बायको आपसांत बोलतात. कलाकृती म्हणून ती फार उंच नाही. उपदेश पानोपानी डोकावतो. परंतु ऐकलेल्या कहाणीवर दोन माणसांनी बोलावे, ही गोष्ट मराठी कादंबरीच्या पोटातच पहिल्यापासून आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लेखकाविषयी बोलून पुस्तक टाळण्याची खोड फक्त ओसरीवर आहे असे नाही. जानेवारी 2020 मध्ये लातूरच्या शेजारी, उस्मानाबादला साहित्य संमेलन झाले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. काहींनी त्यांच्या निवडीस विरोध केला, काहींनी कौतुक केले. दोन्ही बाजूंचे आवेश ऐकताना ‘सुबोध बायबल’ची चार पाने तरी यांपैकी किती जणांनी चाळली असतील, असा प्रश्न पडे. 2024 मध्ये फादर गेले, तेव्हाही बहुतेक लेख त्यांच्या झग्याविषयी आणि चळवळीविषयी होते, गद्याविषयी जवळजवळ नव्हतेच. दोन वर्षांनी, एप्रिल 2022 मध्ये, भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन लातूर जिल्ह्यातच, उदगीरला भरले. पुस्तकांविषयीचे खरे बोलणे अशा वेळी मांडवात होत नाही. ते पुस्तकांच्या गाळ्यांपुढे, एक हात पानांत आणि दुसरा खिशातील नोटांवर ठेवून होते.

भाषेच्या बाबतीत मात्र आमच्या वाचकांचा कान कोणत्याही प्राध्यापकाहून तयार आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी आणि 1948 पर्यंतच्या निजामी राजवटीमुळे सगळीकडे उर्दू, अशा मिश्रणातून येथली मराठी घडली आहे. ‘करायलाय’, ‘जायलाय’ अशी रूपे कादंबरीतील संवादात चुकीच्या तोंडी आली तर वाचक पान मिटून हसतो. नांदेड जिल्ह्यातील मुखेडचे नागनाथ कोत्तापल्ले काय किंवा लातूरचे शेषराव मोहिते काय, यांच्या लेखनाविषयी बोलताना येथला वाचक पहिल्यांदा बोली तपासतो आणि सहसा चुकत नाही. ही तपासणी ‘हे खरे घडले का?’ या प्रश्नाहून वेगळी आहे. तिच्यात पात्राच्या तोंडाकडे लक्ष आहे, लेखकाच्या घराकडे नाही.

चिंता वाटते ती तरुणांची. ‘लातूर पॅटर्न’मुळे शहरातील वसतिगृहे परीक्षार्थींनी भरलेली आहेत. कादंबरी हातात दिसली तर घरून फोन येतो. तरीही एका मुलाने वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकाखाली ‘कोसला’ लपविलेली आम्ही पाहिली आहे. 1963 सालच्या या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर शिकावयास शहरात येतो आणि काहीच न होता गावी परततो. “फादर, ह्याला अपयशी म्हणायचं का?” असे त्याने विचारले. हा त्याचा स्वतःविषयीचा प्रश्न होता, हे उघड आहे. पण तो त्याने पांडुरंगाच्या नावे विचारला, आणि उत्तरासाठी आम्हांला दोघांनाही पुस्तकाची पाने उलटावी लागली. परत येणारा पांडुरंग हरलेला आहे की नुसता थकलेला, यावर आमचे एकमत झाले नाही.

सध्या आमच्याकडील मंडळींत आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ फिरतो आहे. परभणीच्या या लेखकाला त्यासाठी 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा दीर्घ आहेत, आणि गावातील राजकारण त्यांत दुःखाच्या जोडीने येते. त्यामुळे ‘आमचे दुःख मांडले’ म्हणून मोकळे होणे येथे अवघड जाते. दोघांनी आम्हांस कळविले आहे की, शेवट मनासारखे होत नाहीत. कोणत्या कथेचा, आणि कसा व्हावयास हवा होता, असे आम्ही उलट विचारले आहे. प्रत अहमदपूरला आहे, आणि तिच्यासाठी आणखी चार जण थांबले आहेत.