खोलीचे भाडे आणि जातीचा दाखला

बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेच्या नायकाला परगावी नोकरी आहे, पगार आहे; पण राहायला खोली मागताच जात विचारली जाते. या कथेतील विद्रोहाची चर्चा आपण पुष्कळ केली. तिच्यातील भाड्याच्या खोलीकडे मात्र पुरेसे पाहिले नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात शिकवतो, धायरीत राहतो. मराठवाड्यातून आलेली आमची मुले येथेच खोल्या शोधत फिरतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. म्हणजे खोलीसाठी महिना सुमारे १,६६७ रुपये!

पण प्रश्न केवळ रकमेचा नाही. राहत्या जागेचा पुरावा म्हणून भाड्याचे करारपत्र लागते. म्हणजे खोली आधी, पैसे मागाहून. डिपॉझिट बापाने कर्ज काढून भरायचे. घरमालक विचारतो, “करारपत्र कशाला हवंय?” ‘स्वाधारसाठी’ असे खरे उत्तर दिले की जात सांगून झाली. बागुलांच्या नायकाने जात चोरली. आमच्या विद्यार्थ्याला योजनेचे नाव चोरावे लागते.

वास्तविक करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने घरमालकावरच टाकली आहे. तरी विद्यार्थी उपकार मागितल्यासारखा उभा असतो.

अमेरिकेत १९७४ पासून ‘सेक्शन एट’ ही भाडे-साहाय्य योजना आहे. भाडेकरू साधारणतः उत्पन्नाचे ३० टक्के भरतो. उरलेले भाडे सरकारी गृहनिर्माण यंत्रणा घरमालकाशी स्वतः करार करून थेट त्याला देते. तेथेही मालक नकार देतात. म्हणून काही राज्यांनी व शहरांनी असा नकार बेकायदा ठरवला.

आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा नामनिर्देश आहे. भाड्याच्या खोलीचा नाही. वसतिगृहाची जागा शासनाची असते, तेथे आडनाव ऐकून दार लावता येत नाही. म्हणून वसतिगृहे वाढवा, ही पहिली मागणी. तोवर शासनाने डिपॉझिट भरावे आणि करारावर स्वतः सही करावी. नकार द्यायचाच असेल तर घरमालकाने तो शासनाला द्यावा, अठरा वर्षांच्या मुलाला एकटे गाठून नव्हे.