पेंग्विनच्या फोटोत काय नसतं?



आजचा विषय आहे ध्रुवाकडच्या सहलीत काढलेले फोटो, आणि आपण बसलोय सूरजागडच्या परिसरात. कुणी म्हणेल, सर, बर्फाचा आणि एटापल्ली तालुक्याचा संबंध काय? संबंध आहे. त्याकडे येतोच, पण आधी फोटो नीट बघू.

पेंग्विन म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मात्र पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या जातीचे. ही जात बर्फात राहत नाही. तरी मागे बर्फ दिसला नाही की बघणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. ही आपल्या डोळ्यांना फोटोंनी लावलेली सवय आहे.

आता अंटार्क्टिकाच्या सहलीतला नेहमीचा फोटो घ्या. पांढरा उतार, निळसर सावली, मधे दोन-चार पेंग्विन. माणूस कुठेही नाही. प्रत्यक्षात काय असतं? अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून जहाज निघतं, पुढचा खवळलेला समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. तिथला नियम असा की एका जागी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरवायचे नाहीत आणि पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. नियम चांगलेच आहेत. पण त्याचा अर्थ असाही होतो की त्या एकट्या पेंग्विनसमोर कॅमेरेवाल्यांची रांग असू शकते. २०२३-२४ च्या हंगामात एक लाखाहून अधिक पर्यटक तिकडे गेले. शिवाय पेंग्विनच्या वसाहतीतला बर्फ पांढराशुभ्र नसतो. विष्ठेनं त्याचा गुलाबी-तपकिरी चिखल होतो आणि त्याचा वास दूरवर येतो. फोटोवाला खोटं बोलत नाही हो. तो दोन पावलं बाजूला सरकतो, आणि जहाज, माणसं, घाण चौकटीबाहेर जातात.

कांटनं १७९० च्या ग्रंथात उदात्ताबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. प्रचंड, भयंकर निसर्ग आपल्याला ओढून घेतो, पण आपण स्वतः सुरक्षित जागी असलो तरच. गरम केबिन असलेलं जहाज ही ती सुरक्षित जागा. म्हणून मी म्हणतो, अशा फोटोत जहाज न दिसणं ही किरकोळ बाब नाही. तो अनुभव ज्याच्यावर उभा आहे, तेच आपण लपवतो.

हौशी प्रवाशांना मी दोष देत नाही. थोरांचं काम बघू. ब्राझीलचे सेबास्तियाओ साल्गादो यांचा ‘जेनेसिस’ हा प्रकल्प २०१३ साली लंडनमध्ये प्रदर्शित झाला. त्यातला २००५ सालचा एक हिमनग आहे, थेट आपल्या किल्ल्याच्या बुरुजासारखा. दक्षिण सँडविच बेटांजवळचे, हिमनगावर बसलेले पेंग्विनही आहेत. फोटो अप्रतिम आहेत, यात शंका नाही. सगळे कृष्णधवल. म्हणजे मघाचा तो गुलाबी चिखल आपोआप गेला! साल्गादोंचं म्हणणं असं की जवळजवळ अर्धी पृथ्वी अजून उत्पत्तीच्या दिवसासारखी आहे.

माझा आक्षेप इथं सुरू होतो. त्याच प्रकल्पात ॲमेझॉनमधले झोए आदिवासी आहेत, सैबेरियातले नेनेत्स आहेत. पेंग्विन आणि आदिवासी एकाच ‘आरंभा’त बसवले, की आदिवासी आजच्या काळातला माणूस राहत नाही. तो निसर्गदृश्याचा भाग होतो. दृश्याला हक्क नसतात. दृश्य ग्रामसभा भरवत नाही.

आणखी एक गोष्ट. या प्रदर्शनाच्या प्रायोजकांत ‘व्हाले’ ही ब्राझीलची बलाढ्य लोहखनिज कंपनी होती. ५ नोव्हेंबर २०१५ ला तिची भागीदारी असलेल्या खाणीचा गाळ अडवणारं धरण फुटलं आणि तो गाळ दोसे नदीतून समुद्रापर्यंत गेला. साल्गादोंचं गाव त्याच नदीच्या खोऱ्यातलं. न्यायानं हेही सांगितलं पाहिजे की त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं तिथं उजाड जमिनीवर लाखो झाडं लावून जंगल परत आणलं. माणूस मोठा होता. प्रश्न चौकटीचा आहे.

आता आपल्याकडे या. ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या मुलखाचं. एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांनी ते एका प्राचीन महाखंडाला दिलं, आणि अंटार्क्टिका त्याच महाखंडाचा तुकडा. लोखंड तिथंही आहे. प्रिन्स चार्ल्स पर्वतात लोहखनिजाचे थर आहेत. पण १९९१ च्या माद्रिद करारानं तिथं खाणकामावर बंदी घातली. चांगलंच झालं.

जिथं कायमची वस्ती नाही, तिथला डोंगर जगानं वाचवला. सूरजागडला मात्र माडिया-गोंड राहतात. दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, लांबलांबून लोक येतात. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, सगळं याच जंगलातून येतं. १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. तरी २००७ मध्ये ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला आणि २०२१ पासून काम जोरात चालू आहे. रोजगार मिळाला असं म्हणणारे इथं आहेत, आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. पण ऐकायचं तर तिथं माणसं आहेत हे आधी दिसायला हवं.

अंटार्क्टिकाच्या फोटोत माणूस नसला तर ते अर्धंमुर्धं तरी खरं असतं. तीच नजर घेऊन इथं ड्रोन उडवला, खाली नुसती हिरवी झालर टिपली आणि ‘अस्पर्श जंगल’ असं लिहिलं, तर ते धडधडीत खोटं आहे. आणि ते निरुपद्रवी खोटं नाही. ‘इथं कुणी नाही’ असं म्हणणारं चित्र आणि ‘इथं कुणी नाही’ असं धरून चालणारा नकाशा एकमेकांच्या कामी येतात.

तेव्हा अंटार्क्टिकाला जरूर जा. फोटो काढा, पेंग्विन आहेच मोठा गोड प्राणी. पण एक फोटो मागे वळून काढा, ज्यात जहाज आणि तुमचे सहप्रवासी दिसतील. आणि सूरजागडचा फोटो बघाल तेव्हा आधी त्यात माणूस शोधा. नसेल, तर त्याला कुणी काढलं, हे विचारा.