पडद्यावरचा मसिहा

शिरूर अनंतपाळला आमच्या शेजारचा दहावीतला मुलगा परवा मला म्हणाला, "चाचा, हाजी मस्तान गरिबांचा मसिहा होता ना?" त्याने 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०) मोबाइलवर पाहिला होता.

त्या चित्रपटात नायकाचे नाव सुलतान मिर्झा आहे. नाव बदलले, तरी प्रेक्षकाने मस्तानलाच ओळखले. खरा मस्तान तस्करी करायचा, आणीबाणीत तुरुंगात गेला, पुढे राजकारणात उतरला आणि १९९४ मध्ये वारला. पडद्यावरचा मिर्झा मात्र उसूलवाला, खैरात वाटणारा. त्याच्या शेजारी शोएब नावाचा बेदरकार तरुण उभा केला आहे. शेजारी काळा रंग लावला की मळकाही पांढरा दिसतो. ही जुनीच युक्ती आहे.

हे केवळ आपल्याच नावांच्या बाबतीत होते असे नाही. अरुण गवळींवर बेतलेल्या 'दगडी चाळ'मधला (२०१५) डॅडी चाळकऱ्यांना आधार वाटतो. 'डॅडी' (२०१७) त्या मानाने प्रामाणिक आहे. तो अनेकांच्या आठवणींतून एकच माणूस दाखवतो आणि निकाल आपल्यावर सोडतो. न्यायालयाने मात्र नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल गवळींना २०१२ मध्ये जन्मठेप दिली. जामसंडेकरांच्या घराच्या उंबरठ्यावरून ही कथा सांगणारा चित्रपट कुणी काढील काय?

गिरण्या बंद पडल्या म्हणून पोरे टोळ्यांत गेली, असे कारण दिले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. बहुतेकांनी भाजी विकली, हमाली केली, गाव गाठले. पिस्तूल उचलले नाही. गरिबीला गुन्ह्याचे कारण ठरवताना आपण या लाखो इमानदार गरिबांचा अपमान करतो.

गुन्हेगारावर चित्रपट काढू नये, असे मी म्हणत नाही. त्याचे मन उलगडणे हे कलेचे कामच आहे. पण उलगडणे वेगळे आणि उजळणे वेगळे. आपल्या समाजाला तर याची दुहेरी किंमत मोजावी लागते. पडद्यावर आपला माणूस एक तर दहशतवादी असतो, नाही तर दिलदार डॉन. पहिल्याचा आपल्याला राग येतो, दुसऱ्यावर आपण खूश होतो. खरे तर दोन्ही एकाच साच्यातले. शिवाय हरामाची कमाई खैरातीने पाक होत नाही, हे आपल्या घराघरात लहानपणीच शिकवले जाते. तिकीट काढताना आपण ते विसरतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बेटा, १९९३ च्या भूकंपात तुझे दादा किल्लारीला गेले होते. जात-धर्म न विचारता त्यांनी ढिगाऱ्यातून माणसे काढली."

तो म्हणाला, "मला हे कुणी सांगितलंच नाही."

दोष एकट्या चित्रपटाचा नाही, तो असा.